बिनीवर आई

आमच्या बाबांना जुन्या मराठी शब्दांची भारी हौस. केंद्र सरकारच्या नोकरीमुळे आम्ही दिल्लीत वाढलो, आमची मराठी हिंदीत विरघळत चालली होती. म्हणून जेवताना ते रोज एक शब्द वाढायचे. आम्ही तो मुकाट्याने गिळायचो.

ते निवृत्त होणार होते. लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सोडायचं होतं आणि मयूर विहारला सोसायटीचा फ्लॅट तयार होता. पण आई यमुनेपलीकडे यायला तयार नव्हती. तिच्या साऱ्या मैत्रिणी आमच्याच गल्लीत होत्या. फ्लॅट बघायलासुद्धा ती गेली नव्हती.

त्याच आठवड्यात बाबांनी ‘बिनी’ वाढली. बिनी म्हणजे फौजेची सगळ्यांत पुढची तुकडी. ती आधी जाणार, पाणी शोधणार, तळाची जागा ठरवून निशाण रोवणार. शब्द मूळचा फारसी, तिकडे बिनी म्हणजे नाक. बिनीचा शिलेदार, बिनीचा खेळाडू, सगळे तिथूनच आले.

आमटी वाढता वाढता आईने विचारलं, “आणि बिनीला जागा पसंत नाही पडली तर?”

“तर फौज हलत नाही,” बाबा रंगात येऊन बोलून गेले.

“मग बिनीवर मी जाते.”

बाबांचा घास हातातच राहिला.

रविवारी आई स्टोव्ह, झाडू, पातेली आणि दूध घेऊन निघाली, मदतीला मी. लिफ्ट बंद, नळ कोरडे. मला आतून बरं वाटलं, कारण मलाही तिथे राहायचं नव्हतं. तेवढ्यात खाली टँकर आला आणि बायकांची झुंबड उडाली. आईने पदर खोचला. वरच्या मजल्यांना जिने चढायचेत, त्यांना आधी पाणी, असं सांगून तिने रांगच लावली. कुणी का ऐकलं देव जाणे, पण ऐकलं. दुपारी चौघीजणी आमच्याकडे वर्तमानपत्रांवर बसून चहा पीत होत्या.

एकीने विचारलं, “दीदी, आप कब आ रही हैं?” मी झाडू थांबवला. आई म्हणाली, देखते हैं.

संध्याकाळी बाबा आले ते दाराबाहेरच उभे राहिले. चेहरा परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलासारखा.

“काय ठरलं?”

“फौज आणा,” आई म्हणाली. “आणि दोन मोठ्या बादल्या.”

बाबा आत यायचंही विसरले. तसेच टेम्पो ठरवायला खाली उतरले.