साडूंच्या खिशातली फरशी

आमच्या साडूंच्या शर्टाचा खिसा कायम खाली ओढल्यासारखा लोंबत असे. नव्या माणसाला वाटे, पाकीट जड असेल. पाकीट नव्हतंच, फरशीचा तुकडा होता. तळहातात मावेल एवढा, रुमालात गुंडाळलेला. बारामतीत घर बांधायला काढलं तेव्हा पाया खणायच्याही आधी त्यांनी फरशी पसंत केली, दुकानदाराकडून नमुना मागून आणला, हातोडीनं त्याचा तुकडा पाडला, कडा घासल्या आणि खिशात टाकला. मग लग्न असो, मयत असो, बँक असो की एमआयडीसीतल्या दूध कारखान्यातली त्यांची सुपरवायझरची ड्युटी असो, तुकडा बरोबर. आमच्या कळस गावात तर त्यांना ‘फरशीवालं पाव्हणं’ असंच नाव पडलं.

मी त्यांचा धाकटा साडू. माझी बायको ही त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. माझी डाळिंबाची बाग आहे, आणि दुर्दैव असं की त्यांनी घर काढलं त्याच सुमाराला मीही वस्तीवर बंगला बांधायला काढला. आधीच सांगून टाकतो, हे लिहितानाही माझ्या पोटात दुखतंय. तेव्हा तर फारच दुखायचं. ज्यांना साडू आहे त्यांना यावर जास्त सांगायला नको. दोन बहिणी फोनवर बोलायला लागल्या की दोन नवऱ्यांचं माप निघतंच, आणि त्यात घरं एकाच वेळी बांधायला काढलेली. माझी इच्छा एवढीच होती, की माझ्या बायकोनं एकदा तरी म्हणावं, आक्काच्या घरापेक्षा मला आपल्या घरात बरं वाटतं.

रंगाच्या दुकानात आम्ही दोघं एकदाच बरोबर गेलो. मला मरून रंग आवडला. चांगला भारदस्त, लांबून दिसणारा. साडूंनी खिशातून तुकडा काढला, रुमाल सोडला, काउंटरवर ठेवला आणि मला विचारलं, “पाव्हणं, रंग चांगला हाय. पण त्याला कुणाच्या शेजारी बसवणार?”

“भिंतीच्या,” मी म्हणालो.

“तसं न्हवं. खाली फरशी, शेजारी दार, समोर सोफा, खिडकीला पडदा. ही सगळी एका पंगतीला बसायची हायती. एकाला एक चालत नसंल तर जेवण गोड लागत न्हाय.”

ही पंगत म्हणजे त्यांचं पालुपद होतं. दाराची कडी घ्यायची तरी ते विचारणार, पंगतीत बसते का. वस्तू चांगली आहे का, हे त्यांनी कधी विचारलंच नाही. “आधी एक काय तरी धरायचं,” ते म्हणत, “मग बाकीचं त्याच्या मागनं आणायचं.” त्यापायी दुकानदार कंटाळत, सुतार कंटाळत, घरची माणसं तर हात टेकत. आक्का म्हणजे त्यांच्या बायकोनं एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, “मला बघाय आलं तवा खिशात फरशी न्हवती म्हणून माझं लगीन झालं.” सगळे हसले. साडूही हसले, आणि हसता हसता आक्काच्या हातातल्या बांगड्यांना तुकडा लावून बघितला.

मी ठरवलं, आपल्या पंगतीला सगळे मानकरीच बोलवायचे. जे घ्यायचं ते त्यातलं एक नंबर. हॉलला चकचकीत फरशी, तीत तोंड दिसेल अशी. एक भिंत मरून, समोरच्या भिंतीवर धबधब्याचा कागद. छताला पीओपी, त्यात रंग बदलणारे दिवे. दार इंदापूरहून, त्यावर मोर. सोफा बारामतीहून, जांभळा. एकेक वस्तू बघावी तर नाव ठेवायला जागा नव्हती. सगळं एकत्र आल्यावर मात्र लग्नात दोन्हीकडचे मानकरी रुसून तोंड फिरवून बसावेत तसा तो हॉल दिसायला लागला. मी तेव्हा हे कबूल केलं नाही. दिवे लावले आणि म्हणालो, बघा कसं भारी दिसतंय.

साडूंची आणखी एक खोड होती. गिलावासुद्धा झालेला नव्हता तेव्हा ते रोज कामावरून सुटल्यावर मोटारसायकल थेट बांधकामावर घालायचे, आणि प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन एकेका खोलीत नुसते बसून राहायचे. ऊन कुठून येतं, कुठं पडतं, वारा कुठल्या खिडकीतून लागतो, हे बघत. स्वयंपाकघरात तर त्यांनी विटा रचून खोटा ओटा केला आणि आक्काला पुढं उभं केलं. “थाप भाकरी,” म्हणाले. पीठ नाही, परात नाही, आणि आक्का बिचारी रिकाम्या हातानं भाकरी थापतेय. साडू एकेक वीट काढतायत, घालतायत. शेवटी आक्काच्या कोपराच्या खाली जिथं हात सैल पडला तिथं त्यांनी भिंतीवर कोळशानं रेघ मारली. ओटा त्या रेघेवर बांधला.

माझ्या घरी मिस्त्रीनं विचारलं होतं, ओटा किती उंच? मी म्हणालो, सगळ्यांचा असतो तेवढा. वर काळा ग्रॅनाइट टाकला, महागातला. माझी बायको ठेंगणी. पहिल्याच आठवड्यात तिनं डाळिंबाचं एक रिकामं क्रेट आणलं, पालथं घातलं आणि त्यावर उभी राहून भाकऱ्या थापायला लागली. मला काही म्हणाली नाही. आक्काला मात्र फोनवर सांगताना मी ऐकलं, “तुझं बरं हाय बाई. दाजींनी कोपर बघून ओटा बांधला.” त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पण खरी आग लागली ती नरसिंहपूरला. दोघी बहिणींचं माहेर तिथलं. दर्शनाला आम्ही सगळे गेलो होतो, घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. नदीच्या पाण्यानं खालच्या पायऱ्या ओल्या होत्या. माझ्या बायकोनं साडूंना सहज म्हटलं, “दाजी, काढा की तुमची ती फरशी.” साडूंनी काढली आणि ओल्या पायरीवर ठेवली. तुकडा कुठला आणि पायरी कुठली, नजर हटली तर परत सापडू नये. तोच काळसर राखाडी रंग. आक्का बघतच राहिली. ती म्हणाली, “हे मला बोलला न्हाय कधी.” साडू म्हणाले, “तू लहानपणी जितं बसायचीस तसंच खाली असावं, असं वाटलं. बाकीचं त्याच्या मागनं.”

मी नदीकडं तोंड करून बसलो. मी फरशी घेताना दुकानदाराला विचारलं होतं, यातली सगळ्यात जास्त काय खपते.

वास्तुशांत आधी माझी झाली. पाहुणे आले, मोर बघितला, धबधब्यापुढं उभं राहून फोटो काढले, “लई भारी” म्हणाले आणि ऊन उतरायच्या आत निघून गेले. मग साडूंची झाली. भिंती ताकासारख्या पांढऱ्या, दारं साध्या सागाच्या रंगाची, पडदे विटकरी. दिपून जावं असं काहीच नाही. पण लोक उठेनात. आमच्या सासूबाई तर जेवणानंतर हॉलमध्ये खाली जमिनीवरच लवंडल्या आणि त्यांना झोप लागली. माझ्या घरी त्या सोफ्याच्या कडेला, पाहुण्याकडं बसावं तशा बसल्या होत्या.

आहेर म्हणून मी सात धावत्या घोड्यांचं चित्र नेलं होतं. सोनेरी चौकट, दोन माणसांनी धरावं लागेल एवढं मोठं. माझा हिशेब असा, की यांच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या माणसाला घोडे दिसावेत आणि माझं नाव निघावं. साडूंनी सगळ्यांदेखत खिशात हात घातला. मला वाटलं, आता धरणी दुभंगावी. त्यांनी तुकडा चौकटीला लावला, घोड्यांना लावला, मागं सरकून बघितलं आणि म्हणाले, “पाव्हणं, ह्यो फोटो हॉलात बसायचा न्हाय. ह्याची जागा येगळी हाय.” मग त्यांनी ते चित्र जिन्याखाली चपलांच्या मांडणीवर लावला. दिवाळीपर्यंत मी त्यांचा फोन उचलला नाही.

घरी येताना बायकोला विचारलं, “कसं वाटलं?” ती विचार करून म्हणाली, “आपलं घर भारी हाय. आक्काकडं बरं वाटतं.” तिला वाटलं, दोन्ही घरांचं कौतुक केलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यानंतर मी बारामतीला गेलो की काही ना काही निमित्त काढून त्यांच्या घरी जायचो आणि चुका शोधायचो. पडद्याची शिवण बघ, दाराची फट बघ, फरशीवर चहाचा डाग दिसतो का बघ. एकदा मला कोपऱ्यात रंगाचा पापुद्रा सुटलेला सापडला, तर मी आनंदानं साडूंना बोलावून दाखवला. ते वाकून बघत म्हणाले, “बरं झालं सांगितलंसा. माझ्या ध्येनातच आलं न्हवतं.”

मग कंपनीनं त्यांची बदली केली, गुजरातच्या कारखान्यात. परत कधी येणार ते कुणालाच सांगता येईना. सामान थोडं न्यायचं, घर भाड्यानं द्यायचं असं ठरलं. टेम्पो भरून झाल्यावर साडू माझ्याकडं आले. हातात किल्ल्या आणि रुमालातला तुकडा. म्हणाले, “भाडेकरूनं रंग बदलायचा म्हटला तर आधी ह्यो शेजारी धरा. बसला तर बदलू द्या.”

“मलाच का देताय?” मी म्हणालो. “बारामतीत तुमची एवढी माणसं हायती.”

ते हसले नाहीत. “तुमच्याएवढं बारकाईनं माझं घर कुणी बघितलंय?” म्हणाले, आणि टेम्पोत जाऊन बसले. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्यापासून.

भाडेकरू एक नवं जोडपं आलं. महिन्याभरात फोन, हॉलची एक भिंत पोपटी करायची म्हणून. मी बायकोला घेऊन गेलो. आत शिरताना चपला काढल्या तर मांडणीवर नुसता खिळा. घोडे नव्हते. भंगारात दिले वाटतं, असं मनात आलं आणि डोकंच फिरलं. पण पोपटी रंगाचा डबा समोर उघडून ठेवलेला दिसल्यावर मी घोडे विसरलो. खिशातून तुकडा काढला, डब्याच्या झाकणाशेजारी धरला आणि त्या पोराला म्हणालो, “ह्या भिंतीला हात लावायचा न्हाय. एका पंगतीत बसत न्हाय ह्यो रंग.” तो म्हणाला, काका, एकच भिंत आहे. मी म्हणालो, “एकच माणूस पंगत मोडतो.” मागं बघितलं तर माझी बायको, धबधब्याच्या भिंतीची मालकीण, तोंडाला पदर लावून हसत होती.

त्याच आठवड्यात आक्काचा व्हिडिओ कॉल आला. कंपनीनं दिलेली एक खोली, लोखंडी पलंग, भिंती कसल्याशा पिवळट. आणि समोरच्या भिंतीवर सात घोडे. तीच सोनेरी चौकट. माझी बायको म्हणाली, “अवो, आपलं घोडं.” मी मोबाइल हातात घेतला. खिडकीचा पडदा घोड्यांच्या आयाळीच्या रंगाचा. पलंगावरची चादर त्यांच्या पायाखालच्या धुळीच्या रंगाची. आणि ती पिवळट भिंत चौकटीशेजारी अशी दिसत होती, जणू मुद्दाम दिलेली.

साडू पुढं आले. “हितं फरशी मालकाची, रंग मालकाचा. म्हटलं, आपल्याकडं जे हाय तेच आधी धरू. तुमचं घोडं धरलं, बाकीचं त्यांच्या मागनं आणलं. मी तवाच म्हटलं हुतं पाव्हणं, त्यांची जागा येगळी हाय.”

आनंद झाला, आणि त्या आनंदातही मी जळलो. माझे घोडे, मी निवडलेले, आणि ते पंगतीला बसले ते यांच्या घरात, तेही भाड्याच्या खोलीत. माझ्या बंगल्यातल्या एका वस्तूचं एवढं नशीब नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुकडा घेऊन आमच्या घरभर फिरलो. मरून भिंतीला लावला, सोफ्याला लावला, मोराला लावला. कुठंच बसेना. स्वयंपाकघरात बायको क्रेटवर उभी राहून भाकरी थापत होती. रोजच थापते. मी दारात उभा राहून विचारलं, “ह्या घरात आधी काय धरावं?”

तिनं मागं वळूनही बघितलं नाही. “मला ह्या क्रेटवरनं खाली घ्या,” म्हणाली.

मिस्त्री बोलावला. महागातला ग्रॅनाइट फुटताना मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मग विटा रचल्या, तिला जमिनीवर उभं केलं आणि रिकाम्या हातानं भाकरी थापायला लावली. ती लाजत होती. मी कोपर बघून कोळशानं रेघ मारली. वरच्या दगडासाठी तुकडा घेऊन दुकानं हिंडलो, आणि त्याच्या शेजारी बसेल असा सापडेपर्यंत घरी आलो नाही. साडूंना यातलं काही सांगायचं नाही, असं बायकोला बजावून ठेवलं.

नव्या ओट्यावर तिनं पहिली भाकरी थापली, तव्यावर टाकली, खांदे सैल सोडले. मी तिथंच घुटमळत होतो. किती वर्षं त्या एका वाक्याची वाट बघत होतो ते माझं मला माहीत.

“बरं वाटतंय,” ती म्हणाली. मग भाकरी उलटता उलटता पुढं म्हणाली, “अगदी आक्काच्या घरात उभं राहिल्यागत.”

पोटात जुनं दुखणं उठलं ते उठलंच. मी क्रेट उचललं आणि बागेत नेऊन ठेवलं.