पांढऱ्या मोज्यांचा जोड

१९९८ साली राजोडीत रस्त्याच्या पश्चिमेला अजून वाड्या होत्या. रविवारी मुंबईची माणसं समुद्रावर येत, संध्याकाळी परत जात. त्यांना राहायला खोल्या बांधाव्यात हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. डेल्फिनच्या वाडीत एक विहीर होती, राजेळी केळीच्या तीन ओळी होत्या आणि अंगणात कंबरेइतक्या उंचीचा बांबूचा मांडव होता. दिवाळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत त्या मांडवावर सोललेली केळी वाळत. तीच सुकेळी. सकाळी पसरायची, दुपारी परतायची, ऊन उतरलं की टोपलीत गोळा करून केळीच्या सुक्या पानांनी झाकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरायची. सहा-सात दिवसांनी केळं मधाच्या रंगाचं होतं. मधला एखादा दिवस चुकला तर वरून दिसायला छान, आणि खालून बुरशी.

डेल्फिन तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती. तिसरीपर्यंत शिकलेली, विधवा, लाल लुगडं नेसणारी, तोंडाने तिखट. पाहुण्याने सुकेळी महाग आहेत म्हटलं, तर ती म्हणायची, "मग केळी घ्या आनि खिडकीत बसून वाळवा."

तिचा मुलगा आलोशियस भाजीचा टेम्पो चालवायचा. पहाटे निघायचा, दुपारी परतायचा. त्याची बायको हेलन, वय एकतीस. त्यांना सहा वर्षांची रीमा होती. दुसरं मूल १९९६ च्या ऑगस्टमध्ये झालं आणि तिसऱ्या दिवशी गेलं. त्यानंतर हेलन हळूहळू कमी होत गेली. घरातल्यांनी हाच शब्द वापरला, कमी होत गेली. आधी गाणं थांबलं, मग जेवण, मग विहिरीवरचं बोलणं.

फादरांनी पॉलिनचं नाव सुचवलं. पॉलिन पापडीची, मुंबईत समुपदेशनाचा अभ्यासक्रम केलेली. दर गुरुवारी चार ते सहा ती राजोडीच्या चर्चमागच्या खोलीत बसे. दोन खुर्च्या आणि एक पंखा, एवढंच तिथे सामान. हेलन १९९७ च्या जूनपासून जाऊ लागली. गुरुवारी ती न्हायची, वेणी घालायची, परत येताना रीमासाठी बिस्किटं आणायची. त्या दिवशी ती मांडवावरची केळीही परतायची. आलोशियस म्हणायचा, "बघ, फरक पडला ना!"

फरक पडला होता. फक्त तो गुरुवारी दिसायचा. पॉलिनला गुरुवारचीच हेलन ठाऊक होती. टेम्पोमुळे दिवसाचा बराच वेळ बाहेर असणाऱ्या आलोशियसलाही तीच लक्षात राहायची. उरलेले सहा दिवस डेल्फिनच्या वाट्याला होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्याच्या सोमवारी, हेलनने आपली ट्रंक आवरली. सगळे कपडे बाहेर काढले, उन्हात घातले, घड्या करून परत भरले. आलोशियस खूश झाला. दीड वर्षात तिने पहिल्यांदाच आपणहून काही हाती घेतलं होतं. आदल्या गुरुवारी तिने पॉलिनलाही सांगितलं होतं, ट्रंक आवरायची म्हणतेय. पॉलिनने आपल्या वहीत लिहिलं, 'घरकामात रस येत आहे.'

दुपारी डेल्फिन डांबराच्या गोळ्या टाकायला म्हणून ट्रंकेपाशी गेली. झाकण उघडलं. सगळ्यांत वर हेलनची लग्नातली साडी होती. घडीत परकर आणि ब्लाऊज, वर जपमाळ, आणि दुकानाच्या कागदासकट पांढऱ्या मोज्यांचा नवा जोड. हे सगळं एका स्वच्छ फडक्यात ठेवलं होतं. फडक्याला गाठ नव्हती.

आळीतल्या साठी ओलांडलेल्या प्रत्येक बाईच्या ट्रंकेत असं एक गाठोडं असायचं. मरण आलं की घरच्यांची शोधाशोध होऊ नये म्हणून लुगडं, जपमाळ, मोजे एकत्र ठेवलेले. गाठ मारत नसत, कारण सोडणाऱ्याला घाई असते. डेल्फिनचं स्वतःचं गाठोडं तीन वर्षांपूर्वीच तयार झालं होतं. राजोडीत तेव्हा मोजे दोघांच्याच पायांत दिसायचे, शाळेतल्या मुलांच्या आणि मयताच्या. आणि हा जोड रीमाच्या मापाचा नव्हता.

डेल्फिनने झाकण लावलं. हेलन मागच्या पायरीवर बसली होती. डेल्फिन तिच्या बाजूला बसली आणि तिने सरळ विचारलं.

"हेलन, तू मरायचं ठरवलंस काय?"

हेलन म्हणाली, "गुरुवारपर्यंत थांबते दर वेळी, आई. तिथे गेलं की बरं वाटतं. शुक्रवारी दुपारपर्यंत टिकतं."

"मग?"

"मग पुढचा गुरुवार लांब वाटतो. आणि या आठवड्यात पॉलिनबाईंचा गुरुवार नाही. पवित्र गुरुवार आहे, खोली बंद."

संध्याकाळपर्यंत डेल्फिन तिथून उठलीच नाही. मांडवावरची केळी तशीच राहिली. रीमाने हाका मारल्या, "आजी, केळी!" तर म्हणाली, "राहू दे, कावळ्यांनाबी सन करू दे."

आलोशियस बाहेरून आल्यावर तिने त्याला ट्रंक दाखवली. त्याने मोजे हातात घेतले, उलटसुलट केले. मग जी भीती होती ती रागातून बाहेर आली.

"म्हणजे काय, वेड्यांच्या इस्पितळात टाकायची? लोक काय म्हणतील?"

"लोक मयताला येतील तवा म्हनतीलच. तुला तवा ऐकायचं हाय की आता?"

दुसऱ्या दिवशी त्याने टेम्पो काढला नाही.

मंगळवारी सकाळी डेल्फिन पापडीला निघाली. आलोशियस घरी होताच, तरी तिने शेजारच्या हंसाला शिवणाचं मशीन घेऊन ओटीवर बसवलं. हंसा म्हणाली, "काकी, माझी गिऱ्हाइकं?"

"त्यांना इथंच बोलाव. फक्त हिला नजरेआड करू नको. न्हानीत गेली तरी बाहेरून बोलत राहा."

एसटीची वाट बघण्यात आणि प्रवासात दीड तास गेला. पॉलिन दारातच म्हणाली, "डेल्फिनमावशी, आज मंगळवार ना?"

"तेच सांगाया आली, बाय. तुझ्याकडं गुरुवार हाय. बाकीचे वार माझ्याकडं हायेत."

तिने पदरातून मोजे काढून टेबलावर ठेवले आणि काय पाहिलं, हेलन काय म्हणाली ते क्रमाने सांगितलं. पॉलिन त्याच किनारपट्टीची मुलगी. मोजे पाहिल्यावर तिला समजावावं लागलं नाही. ती म्हणाली, "मी ट्रंक चांगली खूण समजले."

"आलोशियसबी तेच समजला. तू बोलतेस ते बरोबरच हाय, तिला गुन येतो. पन सुकेळी आठवड्यातून एकदाच परतली तर काय राहील, सांग."

पॉलिनने वाद घातला नाही. आपल्या हातातलं काम आता पुरत नाही, एवढं तिने स्वच्छ कबूल केलं. तिथल्या चर्चच्या कचेरीतून तिने मुंबईतल्या एका मनोविकारतज्ज्ञाला फोन लावला आणि हेलनचे शब्द जसेच्या तसे सांगितले. डॉक्टर म्हणाले, आजच घेऊन या. दुपारी भाजीच्या टेम्पोतूनच हेलन गेली. पुढे आलोशियसशेजारी ती, तिच्याशेजारी डेल्फिन. हेलनला आठवतं, खाडीवरच्या वरसावे पुलावर सासू म्हणाली, "पाठ मोडली माझी. बरी होऊन ये, परतीला गादी टाकून आनू."

ती साडेतीन आठवडे दाखल होती. औषधं सुरू झाली. पहिल्या दोन आठवड्यांत काहीच फरक दिसला नाही, तिसऱ्यात तिने चहा कमी गोड आहे म्हणून तक्रार केली. आलोशियसने ती बातमी आळीभर सांगितली. घरी आल्यावर सुरुवातीला पॉलिनकडे आठवड्यातून दोनदा, महिन्यातून एकदा डॉक्टर, आणि रोज दुपारी कोणीतरी घरात असायचंच. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा एक वाईट महिना आला. या वेळी तो हेलननेच आधी सांगितला. औषधं चार वर्षं चालली. पॉलिन आजही समोर बसलेल्या माणसाला आधी सोमवार कसा गेला ते विचारते.

त्या साडीचे डेल्फिनने हंसाकडून रीमासाठी दोन फ्रॉक शिवून घेतले होते. हेलन इस्पितळातून आली तेव्हा ते दोरीवर वाळत होते. हेलनने विचारलं, "माझी साडी कापली?"

"कापली. आता तुला न्यायला काय नेसवायचं ते आमाला ठाऊक नाय. तवा राहा इथंच."

हेलन हसली. हंसा म्हणते, मशीन थांबवून ऐकावं असं ते हसणं होतं.

मोज्यांचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही. २००६ च्या जानेवारीत डेल्फिन गेली. थोडेच दिवस आजारी होती. तोवर आळीत दोन कौलारू घरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या. अंगणातला मांडव निम्मा झाला होता, पण त्यावर केळी होती आणि ती हेलन परतत होती. सासूची ट्रंक हेलननेच उघडली. लाल लुगडं, जपमाळ आणि पांढऱ्या मोज्यांचे दोन जोड. एक जुना, पिवळट पडलेला. दुसरा दुकानाच्या कागदात. कागद तिने ओळखला.

तिने तोच जोड सासूच्या पायांत चढवला. मोजे टाचेकडे सैल होत होते. हेलनने ते ओढून नीट केले आणि बाहेर जाऊन आलोशियसला म्हणाली, केळी झाकायची राहिलीत, मी आलेच.