डांबर लावलेली कॉन्टेसा

शिरड शहापूरच्या मसाजीनं उकंडरावांची गाडी पहिल्यांदा नीट पाहिली ती खालून.

त्र्याण्णव सालचा उन्हाळा होता. मसाजी आणि त्याची बायको चांगुणाबाई मेंढरं घेऊन औंढ्याच्या रस्त्यानं चालले होते, आणि मागून उकंडरावांची पांढरी कॉन्टेसा थेट कळपात घुसली. उकंडराव गावातले मोठे जमीनदार. त्या भागात एवढी पळणारी दुसरी गाडी नव्हती, आणि ते ती हळू चालवतील हेही शक्य नव्हतं. ते खाली उतरले, बंपरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मसा, खालचं रगत धुऊन टाक. वाळलं की वास मारतंय."

रस्त्यावर मेंढ्या तडफडत होत्या. मसाजी पाठीवर सरकत गाडीखाली गेला. चांगुणाबाईनं प्यायच्या पाण्याची घागर त्याच्याकडं सरकवली. सायलेन्सरपाशी एक कोकरू अडकलं होतं, जिवंत. त्यानं ते सोडवून बाहेर काढलं, तोवर ते मेलं होतं. गाडी धुऊन झाली आणि उकंडराव निघून गेले.

मसाजी पुढं जवळा बाजार गावच्या बाजारात बकऱ्यांचा व्यापार करायला लागला आणि त्यात वर आला. उकंडरावांनी नवी जीप घेतली, तेव्हा ती जुनी कॉन्टेसा मसाजीनंच विकत घेतली. लोक हसले. मसाजीला त्याचं काही वाटलं नाही. मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला की गाडी झेप घ्यायची, आणि तो मुद्दाम आणखी पाय दाबायचा.

गाडी उभी करायला जागा नव्हती, म्हणून ती मेंढरांच्या छपरात राहायची. मेंढरांच्या मुतानं जमीन कायम ओली. चार वर्षांत त्या ओलीनं गाडी खालून खाल्ली. एकदा बाजारातून येताना चांगुणाबाईनं पाय वर घेतले.

"ओ, मला खालची सडक दिसून राहिली."

वारंगा फाट्यावर शंकरसिंगचं गॅरेज होतं. त्यानं गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली आणि स्क्रू-ड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. मागचं चाक धरणारा दांडा जिथं बॉडीला जोडलेला असतो, तिथला पत्राही हातानं सोलून निघत होता.

"इंजिन शेर है," शंकरसिंग म्हणाला. "पण नीचे सब सड गया. काटना पडेगा, नया पत्रा वेल्डिंग, गंज रोकने को रेड ऑक्साइड, फिर काला कोटिंग. नाही तर भंगारात द्या. बीच का रस्ता नाही."

मसाजी आठवडाभर मनात घोळवत राहिला. चांगुणाबाई म्हणे, "भंगारात घाला." त्याचं मन होईना. शेवटी त्यानं ठरवलं, गाडी नीट करायची, पुढची दहा वर्षं चालेल अशी.

त्याच दिवशी उकंडराव दारात आले. लेकीचं, वैष्णवीचं, लग्न ठरलं होतं. नवऱ्यामुलाला जुन्या कॉन्टेसाची हौस होती.

"गाडी परत दे, मसा. ती आमच्याच दारात शोभते. तुझ्याकडं राहून मेंढरावानी वास मारायली."

मसाजीनं छपरातल्या गाडीकडं पाहिलं. मग म्हणाला, "देतो, मालक. थोडं खालचं काम करून देतो."

तो शंकरसिंगकडं गेला. "वेल्डिंग राहू द्या. नुसतं काळं मारा."

"सडलेल्यावर? आदमी बैठनेवाला है उसमें." शंकरसिंगनं गाडी खड्ड्यावरून उतरवली. "मी न्हाई करत."

मग मसाजीनंच केलं. भोकांवर गोणपाट चिकटवलं, डांबर वितळवलं आणि भरदुपारी गाडीखाली झोपून ब्रशनं हात मारला.

"आत पत्राच न्हाई," चांगुणाबाई म्हणाली. "काळं काहून फासून राहिले?"

"गंजू नये म्हून."

"तुमाला कळून राहिलंय तुमी काय करून राहिले ते."

त्यानं ब्रश थांबवला नाही. खालून गाडी नव्यासारखी चकाकायला लागली. उकंडरावांनी वाकून पाहिलं आणि खूश होऊन नेली.

लग्नाआधी दोन आठवडे ते वैष्णवीला घेऊन नांदेडला साड्या घ्यायला निघाले. उतारावर ब्रेक दाबला तसा मागचा दांडा पत्र्यासकट उपटला, आणि गाडी फिरून बाभळीवर आदळली. उकंडरावांना खरचटलं. वैष्णवीचा उजवा पाय फाटलेल्या तळातून खाली गेला होता. डॉक्टरांनी तो घोट्यापासून कापला. नवऱ्याकडच्यांनी लग्न मोडलं.

मसाजी दवाखान्यात गेला. आपण का गेलो, ते त्यालाही सांगता आलं नसतं. उकंडराव व्हरांड्यात बसले होते.

"मालक, माझी मेंढरं आठवतात का? औंढ्याच्या रस्त्यावरची?"

"कोणती मेंढरं?" उकंडरावांनी लाल डोळ्यांनी वर पाहिलं. "ही का येळ हाय रे मेंढरायची?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं.

तो आत गेला. वैष्णवी खाटेवर उशीला टेकून होती. तिनं बाहेरचं बोलणं ऐकलं होतं.

"मला आठवतं, काका. मी मागच्या शिटावर होते. एक कोकरू गाडीखाली ओरडत होतं. मी बाबाला म्हणलं, त्याला काढा. तुमी काढलं होतं. ते जगलं का?"

मसाजीनं खाटेच्या पायथ्याकडं पाहिलं. मग तो म्हणाला, "व्हय. जगलं."

घरी आल्यावर त्यानं सगळं चांगुणाबाईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. त्या दिवसापासून ती त्याला ताट वाढायची आणि आपलं ताट घेऊन मेंढरांच्या छपरात जाऊन बसायची. तिच्याशिवाय त्यानं खरं कुणालाच सांगितलं नाही. फाट्यावरून गेला तर शंकरसिंग तोंड फिरवायचा.

दोन हजार आठ साली मसाजी कावीळ होऊन गेला. दहाव्याला उकंडराव आले, सोबत कुबडी घेतलेली वैष्णवीही. उकंडराव चार माणसांत उभे राहिले आणि म्हणाले, "लई सरळ माणूस. माझ्या गाडीचं काम सोत्ताच्या हातानं करून दिलं व्हतं त्यानं."

माणसांनी माना डोलावल्या. चांगुणाबाई उठली, आत गेली आणि वैष्णवीला बसायला घोंगडी आणून अंथरली.