दिवाळीपासूनचं दुखणं

दार अर्धवट उघडं होतं म्हणून दिसलं. सुनंदा, माझी बायको, ब्लाउज घालत होती. डाव्या हाताने तिने आपलं उजवं मनगट धरलं आणि झोपेतल्या लेकराला अंगडं चढवावं तसा स्वतःचाच हात हळूहळू बाहीत सरकवला. डोळे मिटलेले, ओठ दाबलेले.

"काय झालं हाताला?"

"काही नाही. अवघडलाय. जाईल आपोआप."

दुसऱ्या दिवशी मी तिला बळेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात हलकेच उचलून पाहिला; तो खांद्याच्या उंचीलाही पोचेना. "फ्रोझन शोल्डर, खांदा आखडलाय," ते म्हणाले. "तुमच्यासारख्या मधुमेह असलेल्यांना जास्त होतो. व्यायामाने सुटेल, पण वर्षभरही लागेल. हात वर जाईना, दुखून झोप मोडायला लागली, तेव्हाच यायला हवं होतं."

"नुसतं दुखतंय म्हणून कुणी डॉक्टरकडे येतं का?" सुनंदा म्हणाली.

"कधीपासून आहे?" डॉक्टरांनी मला विचारलं. मला सांगता येईना.

"दिवाळीपासून," ती म्हणाली.

बाहेर आंबे संपत आले होते. इतके महिने या हाताने वाढलेलं मी जेवलो होतो, वरच्या फळीवरचे डबे तिलाच मागितले होते. एकाच घरात राहून माणसं एकमेकांचा आवाज ऐकतात. न काढलेला आवाज मात्र कुणाच्याच कानी पडत नाही.

खांदा सुटायला पुढचा उन्हाळा उजाडला. "दुखतंय का?" असं मी आता रोज विचारतो. खरं उत्तर द्यायला ती अजून शिकते आहे.