तुम्ही बसल्या होत्या का?

कुणी उपदेश करायला लागलं की ती हातातली पेन्सिल कानामागे खोचायची, समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायची आणि मग विचारायची, "तुम्ही बसला होता का, सर?" बस्स, एवढंच. समोरचा मग आपल्या चहाच्या कपात बघायला लागायचा.

बसणं म्हणजे सेटच्या परीक्षेला बसणं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नव्वदच्या सुमाराला नियम आला की कॉलेजात कायमची नोकरी हवी तर नुसतं एम.ए. पुरणार नाही, नेट नाही तर सेट पास व्हा. आम्ही त्याच्या आधी चिकटलेले. आमच्या वेळी एम.ए.चा दुसरा वर्ग आणि ओळखीचा एखादा सज्जन एवढ्यावर भागायचं. आणि गंमत बघा, स्टाफरूममध्ये सेटवर तोंड वाजवायला आम्हीच पुढे! "हल्लीच्या पोरांना बैठकच नाही हो." "पाया कच्चा, दुसरं काय." ज्यांनी त्या परीक्षेचा कागद डोळ्यांनी पाहिला नव्हता ते आम्ही.

ती आमच्या भूगोल विभागात तासिका तत्त्वावर होती. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्यापुरत्या तुम्ही प्राध्यापक, सुट्टी लागली की कुणी नाही. मूळची पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. वडील भात-नागली करायचे आणि हंगाम सरला की दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला जायचे. ही आश्रमशाळेत शिकली, मग नाशिकला वसतिगृहात राहून एम.ए. झाली. आमच्याकडे आदिवासी उमेदवारासाठी राखीव असलेली एक जागा रिकामी होती. त्या जागेचे सगळे तास हीच घ्यायची. दरवर्षी जाहिरात निघायची, समिती बसायची आणि कागदावर तेच वाक्य उतरायचं, "पात्र उमेदवार उपलब्ध नाही." खाली सह्या. विभागप्रमुख म्हणून त्यातली एक माझी.

ते वाक्य लिहिलं जात असताना पलीकडच्या वर्गातून तिचा खणखणीत आवाज यायचा, "ए मागच्या बाकावरचे, नकाशा उलटा धरलाय का?"

नकाशावरून आठवलं. एकदा विभागातला पेठकडचा मोठा सरकारी नकाशा टेबलावर पसरून ती बराच वेळ वाकून बसली होती. मी म्हटलं, काय शोधतेस? म्हणाली, "आमचा पाडा. ओढा हाय, टेकडी हाय, पाडा नाय." रागावली किंवा खूश झाली की तिची भाषा अशी डोंगर चढायची. मग कानामागची पेन्सिल काढून तिनं ओढ्याच्या वळणावर एक ठिपका दिला. मी ओरडले, अगं, विभागाची वस्तू आहे ती! ती म्हणाली, "पेन्सिलीचाच हाय, मॅडम. खोडून टाका." मी खोडरबर शोधला, तो काही सापडला नाही. मनापासून शोधला नसेन.

तिचा सेटचा निकाल पाचव्यांदा नापास आला त्या दिवशी माझी जीभ घसरली. चांगल्या मनानंच म्हटलं हो, पण म्हटलं, "अगं, जरा नेटानं अभ्यास कर. तुम्हाला तर सवलतसुद्धा असते."

तिनं पेन्सिल कानामागे खोचली. 

"पेपर सगळ्यांना एकच असतो, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही बसल्या होत्या का?"

आपण सगळ्यांपेक्षा वेगळ्या, आपल्याला ही असं कधी विचारणार नाही, अशा भ्रमात मी होते. तशीच फणफणत नाशिक रोडला घरी आले. भाजी करपवली. नवरा नोटांच्या छापखान्यात, कामावरून दमून आलेला, त्याच्यावर उगाच खेकसले. आणि रात्रभर तळमळून दुसऱ्या दिवशी सेटचा फॉर्म घेऊन आले. वय वर्षं अठ्ठेचाळीस. नवरा म्हणाला, "ही कसली उठाठेव? नोकरी आहे ना पक्की?" मी म्हटलं, "आहे म्हणूनच."

आमचं केंद्र पुण्याला होतं. आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी नाशिकच्या द्वारका चौकात एसटी पकडली. सिन्नर मागे पडेपर्यंत ती गाईड वाचत होती. मग पुस्तक मिटून, खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "त्या कागदावर तुमची सही असते. मला माहीत आहे."

मी म्हटलं, "मी तरी काय करणार गं? पात्र उमेदवार नव्हता, हे खरंच होतं ना?"

"खरं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर बसते."

पुढे संगमनेरला तिनं मला भेळ खाऊ घातली. मीच शरमेनं अर्धी ठेवली, तर तीही तिनंच संपवली.

परीक्षेचं काय सांगू! एका दिवसात तीन पेपर. पहिल्यात कोडी. अमक्याच्या बहिणीचा मामा तमकीचा कोण लागतो? बसल्या बसल्या मी माझ्या माहेरची सगळी नाती जोडून पाहिली, तरी उत्तर जुळेना. दुसरा पेपर विषयाचा. इथे मात्र मी पदर खोचून बसले. वीस वर्षं शिकवलेला विषय! पण निम्मे प्रश्न दूरसंवेदनाचे, उपग्रहाच्या चित्रांचे, संगणकावरच्या नकाशांचे. हे धडे अभ्यासक्रमात नवीन आले तेव्हा मी काय केलं होतं माहीत आहे? "तू तरुण आहेस, तूच घे," म्हणून तिच्या गळ्यात टाकले होते. ती माझ्या दोन बाकं पुढे बसलेली. भराभर गोल काळे करत होती. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले.

निकाल आला. दोघी नापास. पण फरक होता. तिसरा पेपर लिहायचा असतो आणि पहिल्या दोन्हींत ठरलेले गुण असतील तरच तो तपासतात. तिचा तपासला होता, थोडक्यात हुकली होती. माझ्या गुणपत्रिकेत तिसऱ्या पेपरच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. अडीच तास हात मोडेस्तोवर लिहिलेलं कुणी उघडूनही पाहिलं नव्हतं.

मी ती गुणपत्रिका नेऊन स्टाफरूमच्या फळ्यावर टाचणीनं लावली. प्राचार्य धावत आले. "अहो मॅडम, विभागप्रमुख तुम्ही! शोभतं का हे?" मी म्हटलं, "सर, मी अपात्र आहे. मला काढता का?" ते हसण्यावारी न्यायला लागले. मी हसले नाही.

त्यानंतर आमच्या स्टाफरूममध्ये कुणी पाया कच्चा असल्याचं बोललं नाही. निदान मी असताना तरी नाही.

सातव्यांदा ती पास झाली. पेढे आणले नाहीत तिनं, घरून नागलीच्या भाकरी आणि उडदाचं भुजं आणलं. सगळ्यांनी हात चाटून खाल्लं. जाहिरात निघाली, तिनं अर्ज केला, मुलाखतीला इस्त्रीची साडी नेसून आली. बाहेरून आलेले तज्ज्ञ तिचा अर्ज चाळत म्हणाले, "सात वेळा बसावं लागलं तुम्हाला?" तिचा हात कानाकडे गेला. पण त्या दिवशी पेन्सिल आणलेली नव्हती. हात खाली घेऊन ती एवढंच म्हणाली, "हो सर. सात वेळा."

मग माझ्याच तोंडून निघालं. "सर, तुम्ही बसला होता का?"

तज्ज्ञांनी तिचा अर्ज मिटून बाजूला सारला.

ती बाहेर गेल्यावर कागद पुढे आला. लिहून तयारच होता! "योग्य उमेदवार उपलब्ध झाला नाही." संस्थेच्या मनात कुणी दुसरंच होतं, जागा आणखी वर्ष-दोन वर्षं रिकामी ठेवून आरक्षण उठवायचा घाट होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की सगळ्यांनी सह्या केल्यात आणि माझ्या नावापुढे जागा सोडलीय. मी पेन उघडलं आणि लिहिलं, "उमेदवार पात्र आहे व योग्य आहे. सात वर्षं हीच शिकवत आहे. मी सही करणार नाही." अक्षर घाणेरडं आलं. माझ्या एकटीच्या लिहिण्यानं काही अडलं नाही. जागा तिला मिळाली नाही ती नाहीच.

बाहेर जिन्यात ती उभी होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सांगताना मलाच रडू फुटलं. तिनं माझा हात धरला.

"रडता काय, मॅडम? इतकी वर्षं ते लिहायचे ते खरं होतं. तेच मला झोपू देत नव्हतं. आज त्यांनी खोटं लिहिलं. आता त्यांची झोप जाऊ द्या, माझी का?"

तरी वर्गावर गेली. उरलेला धडा संपवला. पुढच्या जूनला ती सुरगाण्याकडच्या एका नव्या कॉलेजात कायम झाली आणि आमच्याकडचे तिचे तास माझ्या गळ्यात आले, दूरसंवेदनासकट. तुम्हाला म्हणून सांगते, पोरांच्या आधी एक दिवस वाचून शिकवायचे मी. पेठच्या नकाशावरचा तो ठिपका अजून आहे. मी निवृत्त होताना नव्या विभागप्रमुखांना बजावून आले, खोडायचा नाही.

आणि निवृत्तीच्या आधी मी पुन्हा एकदा बसले. या वेळी द्वारकेवरून एकटीच. निकाल लागला त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"काय झालं, मॅडम?"

"नापास."

"परत?"

"पण तिसरा पेपर तपासला गं त्यांनी," मी म्हटलं.

"लय भारी, मॅडम!" ती एवढ्यानं ओरडली की आतल्या खोलीतून नवरा बाहेर आला.