आधी रंग बघू

आमचे ड्रॉइंगचे सर तास सुरू करण्याआधी स्वतःच्या बोटाला सुई टोचून घ्यायचे. रक्ताचा थेंब एका चिंचोळ्या पट्टीवर टेकवायचा, मिनिटभर घड्याळ बघायचं, पट्टी पाण्यानं धुवायची आणि तिचा रंग बाटलीवर छापलेल्या रंगांशी ताडून बघायचा. पट्टी गडद निळी झाली तर रक्तात साखर जास्त, फिकट राहिली तर कमी. फिकट राहिली की खिशातला गुळाचा खडा तोंडात जायचा आणि मग आम्हाला हुकूम, "हं, काढा वह्या."

पट्ट्यांची बाटली त्यांचे मेहुणे विलायतेहून पाठवत. पुरवून वापरायला सर ब्लेडनं एकीच्या उभ्या दोन करत. सिनेमाला येता का, अमक्याला मत द्यायचं का, काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "आधी रंग बघू."

हा माणूस रोज सकाळी इन्सुलिनची सुई घेऊन शाहूपुरीतनं सायकल काढायचा आणि राधानगरीच्या रस्त्याला लागायचा. पण राधानगरीला जाऊन परत यायच्या शर्यतीत त्यानं नाव दिलं, तर समितीनं ते खोडलं. कारण काय, तर साखरेचा पेशंट. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि पत्रकं काढण्यात मुरलो होतो. निषेधाचा मसुदा सरांना दाखवला.

"धिक्कार तीनदा हाय," सर म्हणाले. "एकच ठेव. शाई वाचंल."

एका धिक्कारानंही काम झालं. समिती नमली, पण खुर्चीवरची माणसं नमतात तशीच, अट घालून. शर्यतीच्या पुढं धावणारी जीप कर्ण्यावरून गावोगाव ओरडत जाणार होती: सतरा नंबरला साखरेचा आजार आहे, त्याला कुणीही गोड देऊ नये. शिवाय शर्यत सुटताना समितीच्या सेक्रेटरींनी सरांचे खिसे चाचपले आणि गुळाचा खडा काढून घेतला.

"साहेब, ते माझं औषध हाय."

"औषध कुठं गोड असतंय व्हय?"

लोक हसले. मी भांडायला पुढं झालो, तोवर शिट्टी वाजली. सेक्रेटरींच्या त्या शहाणपणाचा मला आजही संताप येतो.

मी मित्राच्या फटफटीवरून मागं होतो. परतीच्या वाटेवर उसाच्या फडालगत सरांची सायकल नागमोडी जायला लागली. समोर गुऱ्हाळ होतं. सर उतरले आणि भिंतीला टेकून बसले. थंडीतही शर्ट घामानं चिंब, हात थरथरत होते. सकाळची सुई आणि वर एवढं पायडल मारणं, साखर पार तळाला गेली होती. आणखी उतरली तर शुद्ध जाणार, माणूसही जाणार.

"मावशी, गूळ," सर कसेबसे म्हणाले.

गुऱ्हाळाच्या मावशीसमोर गुळाचा ढीग होता. ती जागची हलली नाही. "न्हाय बा. आत्ताच जीप वरडत गेली. माझ्या हातनं पाप नको."

मी तिथल्या तिथं अख्खं पत्रक तोंडी म्हटलं. अडाणी समिती, मुजोर सेक्रेटरी, सगळं.

"तू गप," मावशी म्हणाली. "ह्यास्नी दवाखान्यात न्हे."

"आधी... रंग," सर पुटपुटले. त्यांनी खिशातनं बाटली काढली, पण हातात सुई ठरेना. मीच टोचली. ते मिनिट काही केल्या सरेना. पट्टीवर पाणी सोडलं, तर ती कोरीच्या कोरी. सरांनी बाटली मावशीपुढं धरून पहिल्या, सगळ्यात फिकट चौकोनावर बोट ठेवलं. "निळी व्हायला पायजे, मावशी. कोरी म्हंजे साखर संपली."

मावशीनं पट्टी बघितली, बाटली बघितली, सरांचं तोंड बघितलं.

"अवं, मग असं सांगा की, मास्तर. चुलवणात जाळायला चिपाडं न्हाईत आन् रसाची काहील उकळाय बघतायसा."

तिनं वाटीभर काकवी त्यांच्या तोंडाला लावली, वर गुळाचा खडा दिला. हळूहळू सरांच्या ओठांवर रंग आला, डोळे ठिकाणावर आले. मागचे गडी सपासप पुढं निघत होते. मी म्हणालो, "सर, चला."

"आधी रंग बघू."

दुसरी पट्टी मावशीनंच बाटलीशी धरली. "आली बघा निळी." तेव्हा कुठं मी मटकन खाली बसलो. सर मात्र सायकलवर चढले होते.

ते पोचले तेव्हा मांडवाचे बांबू सोडत होते. सर थेट सेक्रेटरींपुढं जाऊन उभे राहिले. "माझा गूळ द्या."

सेक्रेटरींनी स्वतःचे खिसे चाचपले. त्यांनी तो खाल्ला होता.

पुढच्या उन्हाळ्यात सरांची कोकणात बदली झाली. स्टँडवर मी भाषणाच्या तयारीत होतो, ते म्हणाले, "थोडक्यात आटप, पुढारी. गाडी सुटंल."

त्या साली शर्यतीला मी गुऱ्हाळाशीच थांबलो. मावशी रस्त्याच्या कडेला गुळाचा खडा घेऊन उभी होती आणि प्रत्येक सायकलवाल्याला विचारत होती, "पावणं, रंग बघितलासा का?" गडी हसून पुढं जात होते. एक पोरगा मात्र थांबला. त्यानं मागंपुढं बघितलं, स्वतःच्या खिशातला गुळाचा खडा आत दाबला आणि हळूच विचारलं, "मावशी, तुम्हांला कसं कळलं?"