दोन दीर्घिकांचा एक ठिपका

माझा संशोधनाचा पेपर सोमवारी सकाळी जर्नलकडे जाणार होता आणि त्याआधीचे दोन दिवस मी गावी, अणदूरला आलो होतो. लेखकांच्या यादीत माझं नाव पहिलं होतं. आमच्या घरात माझ्याआधी बारावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही, त्यामुळे या गोष्टीचं अप्रूप होतं, आणि अप्रुपापेक्षा धाकधूकच जास्त होती.

काम असं होतं. आपल्या आकाशगंगेच्या जवळच्या काही दीर्घिकांच्या मध्यभागी कृष्णविवरं आजूबाजूचा वायू गिळून वाढत असतात, पण धुळीच्या आणि वायूच्या इतक्या जाड थराआड की साध्या दुर्बिणीला तिथं काहीच घडताना दिसत नाही. जास्त ऊर्जेचे क्ष-किरण तेवढे त्या थरातून बाहेर येतात. अंतराळातल्या एका दुर्बिणीच्या नोंदींत मला तसा ठिपका सापडला होता. तिथं दोन दीर्घिका एकमेकींना खेटून आहेत, एक मोठी, एक लहान. कृष्णविवर मोठीत आहे, असं मी लिहिलं होतं आणि माझ्या मार्गदर्शक मॅडमनी शाबासकी दिली होती.

रविवारी दुपारी ओसरीवर लॅपटॉप घेऊन मी पेपर शेवटचा वाचत होतो. आई शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिनं स्क्रीनवरचा पिवळा ठिपका बघितला.

"ह्योच का तुझा?"

"हो. यात दोन दीर्घिका आहेत आई. ही दुर्बीण एवढं बारीक दाखवत नाही, म्हणून दोन्ही मिळून एकच दिसतंय."

"मग त्यो कुठल्या घरात हाय?"

"मोठ्या."

"बघितलं व्हय तू?"

खाटेवर पडलेले अण्णा, माझे वडील, हसले. "आगं, मोठ्या घरातच आसणार की. खंडोबा बघ, सालभर आमच्या अणदुरात ऱ्हातो."

आईचं माहेर नळदुर्ग. खंडोबाची मूर्ती एक आणि देवळं दोन. वर्षातले जेमतेम दोन महिने देव नळदुर्गला असतो, बाकी आमच्याकडं. या वाटणीवरून आमच्या घरात कायम टोमणे चालतात.

"व्हय, लई मोठं तुमचं! परगावचे पाव्हणे आले तवा तिथी न बघता ऐटीत देवळात घेऊन गेलात, आन् देव आमच्याकडं नळदुर्गात. हिथं जल्मलेल्या माणसाला म्हाईत न्हाय देव कुठं हाय ते!"

अण्णांनी कूस बदलली. मी हसलो, आणि हसता हसता पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. कृष्णविवर कुठल्या दीर्घिकेत आहे, हे मी खरंच तपासलं नव्हतं.

दुसऱ्या, बारीक दाखवणाऱ्या दुर्बिणीच्या जुन्या चित्रात मोठ्या दीर्घिकेत ठळक ठिपका होता आणि लहानीत अगदी फिकट. ठळक तोच आपला, असं धरून मी पुढं गेलो होतो. पण ती दुर्बीण कमी ऊर्जेचे किरण टिपते, आणि झाकलेलं कृष्णविवर त्या किरणांत फिकटच दिसणार. तीन वर्षं मी हेच तर शिकत होतो.

फोनच्या हॉटस्पॉटवर त्या जुन्या चित्राची फाइल उतरवायला तास गेला. फिकट ठिपक्यात क्ष-किरणांचे वीसेकच कण होते, पण बहुतेक सगळे जास्त ऊर्जेच्या बाजूला. ठळक ठिपक्यात नेमकं उलटं. म्हणजे कृष्णविवर बहुधा लहान दीर्घिकेत होतं, आणि एवढ्या थोड्या कणांवर तेही छातीठोकपणे सांगता येणार नव्हतं.

मॅडमना काय लिहायचं? पीएच.डी.च्या मुलाखतीत इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्या मला त्यांनी पाणी प्यायला लावून, मराठीत प्रश्न विचारून निवडलं होतं. मेल दोनदा लिहून खोडली. येऊ दे छापून, कोण एवढं तपासतंय, असंही एकदा मनात येऊन गेलं. शेवटी चूक सरळ लिहिली, दोन्ही आलेख जोडले आणि पाठवली.

दिवेलागणीला त्यांचा फोन आला.

"पेपर थांबवलाय. नव्या निरीक्षणासाठी अर्ज करू. वर्ष जाईल तुझं."

"सॉरी मॅडम."

"ते राहू दे. एक सांग. हे तुला पेपर गेल्यावर कळलं असतं, तर मला सांगितलं असतंस?"

"हो मॅडम."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आई आतून जेवायला हाका मारत होती, पण मला उठवेना. ते 'हो' मी फार पटकन म्हणालो होतो. ते खरं होतं का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.